घड्याळाच्या जागी प्रमिला आरोंदेकर

मुलाने दुसऱ्याची वस्तू मोडली, तर ती दुरुस्त होऊन येईपर्यंत तिचं काम आईने किंवा बापाने तिच्या जागी उभं राहून करायचं असतं, आणि त्यानुसार प्रमिला आरोंदेकर फेब्रुवारीच्या सहा तारखेला पोकळ्यांच्या काजूच्या कारखान्यात भिंतीवरचं घड्याळ म्हणून रुजू झाली.

मी तालुक्याच्या बदली-कक्षात लेखनिक आहे. आडनाव तेंडोलकर. कोणाच्या पोराने काय मोडलं याचा पंचनामा करणं, मोडलेली वस्तू काय काय करत होती ते लिहून घेणं आणि आईबापाला त्या कामावर लावून देणं, ही माझी नोकरी. बावीस वर्षांत मी बरंच पाहिलं. एक शिक्षक शेजाऱ्याच्या माडीवर सव्वा महिना डिश ॲन्टेना होते. ढग आले की त्यांचंही चित्र जायचं आणि शेजारी त्यांना काठीने जरा पूर्वेकडे वळवायचा. एका बाईने दीड वर्ष कुंपण म्हणून काढलं. तिच्यावर दोडक्याचा वेल चढला होता, तो तिने शेवटपर्यंत काढू दिला नाही. माणसं कुरकुर करतात, पण उभी राहतात. स्वतःच्या पोराचं निस्तरायला कोणाला लाज वाटलेली मी पाहिली नाही.

प्रमिलाची मुलगी दुर्वा, वय नऊ, चौथीत. वडील गोव्याला मच्छीमारी बोटीवर, म्हणून जबाबदारी आईवर आली. आई त्याच कारखान्यात गर सोलायला होती. दुर्वाने तिथलं लंबकाचं घड्याळ शाळेच्या स्टीलच्या बाटलीने फोडलं. नेम चांगला होता. काच गेली, लंबक खाली पडला, दोन्ही काटे वाकले.

पंचनामा करायला मी दुसऱ्या दिवशी गेलो. चाळीस-एक बायका खाली ओळीने बसून काम करत होत्या. काजूच्या तेलाने सगळ्यांची बोटं काळी झालेली. समोरच्या भिंतीवर रिकामा खिळा, आणि त्याच्याखाली तेलरंगात दोन नियम रंगवलेले होते. पहिला, कारखान्यात याच घड्याळाची वेळ खरी धरली जाईल. दुसरा, या घड्याळात साडेपाच वाजले की काम संपले. त्याआधी कोणी जागेवरून उठू नये. मालक बाळशेट पोकळे यांनी ते मला मोठ्याने वाचून दाखवले. त्यांच्या वडिलांनी परवान्याच्या अर्जातच ते नियम लिहून दिले होते, हेही सांगितलं. बायकांचे मोबाईल फाटकावर एका पेटीत ठेवलेले असत. गरांना धूळ लागते, असं कारण होतं.

"घड्याळ जुना होता," पोकळे म्हणाले. "पण दमदार. तीनदा बंद पडला, तरी मी टाकूक नाय. एकदा तर अकरा दिवस बंद होता."

"तेव्हा वेळ कोणती धरलीत?"

"घड्याळातलीच. नियम म्हणजे नियम. दोन वाजून धा मिनटांवर थांबलेला. अकरा दिवस दोन वाजून धाच मिनटा होती. बायका बसल्या. काळोख झाल्यावर माका झोप येय, तेव्हा मीच दया करून त्यांका सोडी."

हे मी शब्दशः लिहून घेतलं. माझी तशी सवयच आहे. लोक फुशारकीत जे बोलतात ते पंचनाम्यात सगळ्यात जास्त उपयोगी पडतं.

मग मुलीला बोलावलं. आमच्या अर्जात 'हेतू' म्हणून एक रकाना आहे. तिथे 'चुकून' लिहिलं की बदली पंधरा दिवसांत संपते, 'मुद्दाम' लिहिलं की वस्तू दुरुस्त होईपर्यंत चालते. लहान मुलांना मी सहसा उत्तर अर्धं तोंडात घालूनच प्रश्न विचारतो.

"बाय, बाटली हातातून निसटली ना?"

"नाय," दुर्वा म्हणाली. "मी मारलंय."

"पण लागायची दुसरीकडे आणि लागली घड्याळाला, असं ना?"

"नाय. घड्याळाकच मारलंय."

पोकळे म्हणाले, "बघा, बघा." मी मुलीच्या आईकडे पाहिलं. तिने मुलीला खूण करावी, डोळे वटारावेत, काहीतरी करावं, असं मला वाटलं. ती हाताची काळी बोटं राखेने चोळत होती.

"तिका जा सांगूचा हा ता सांगूंदे," प्रमिला म्हणाली.

दुर्वाने सांगितलं ते असं. शाळा पाचला सुटते. ती आईसाठी कारखान्याच्या फाटकापाशी येऊन बसते. साडेपाचची एस्टी समोरून जाते. ती गेली तरी आई बाहेर येत नाही. त्या दिवशी ती एस्टी गेल्यावर आत शिरली आणि घड्याळ बघितलं. "एस्टी गेली होती. आणि घड्याळात पाचच वाजले होते. घड्याळ खोटा बोलत होता. म्हणून मारलंय."

बायकांच्या ओळीत कोणीतरी खाकरलं. ते घड्याळ चार वाजेपर्यंत बरोबर चालायचं आणि चारनंतर रेंगाळायचं. त्यात साडेपाच वाजायला खरे सहा-दहा व्हायचे. हे तिथे प्रत्येकीला ठाऊक होतं. पोकळ्यांच्या वडिलांनी आत शिशाचा तुकडा बसवून घेतला होता म्हणे. पण घड्याळाशी भांडणार कोण?

"पोरीन सगळ्यांसमोर 'चुकलं' म्हणूंदे," पोकळे म्हणाले. "मी आत्ता तक्रार मागे घेतंय. माझा काय वैर नाय."

"चुकलं असता तर म्हणाली असती," प्रमिला म्हणाली. "खंय सही करू?"

सही करण्याआधी मी तिला उरलेला नियम वाचून दाखवला, कारण तो लोक ऐकत नाहीत आणि मग रडतात. पालक वस्तूचं काम चुकल्याचं तीनदा शाबीत झालं, तर बदली मुलावर जाते. मागे एक मुलगी अशीच सोसायटीच्या सूचनाफलकाच्या जागी गेली होती. सात महिन्यांनी सुटली, पण अजून कोणी जवळ आलं की दचकते. टाचण्या टोचतील असं तिला वाटतं. प्रमिलाने हे ऐकून घेतलं. एकदा मुलीकडे पाहिलं आणि सही केली.

खिळ्याच्या उंचीवर फळी ठोकण्यात आली आणि ती वर चढली. डावा हात तासाचा, उजवा मिनिटाचा. बोटं काळी असल्यामुळे काटे लांबूनही नीट दिसत. तासाला ती तितक्या वेळा आणि अर्ध्या तासाला एकदा "टण्" म्हणायची. घड्याळाला किल्ली देणं हे मालकाचं काम असतं आणि माणसाच्या बाबतीत किल्ली म्हणजे जेवण, असा कक्षाचा जुना खुलासा आहे. त्यामुळे पोकळ्यांना रोज दुपारी तिला भात आणि आमटी वर पोचवावी लागे.

पहिल्या दिवशी चार वाजले. सगळ्या बायका माना खाली घालून काम करत होत्या, पण कान वर होते. सव्वाचार झाले. पाच झाले. मग बाहेरून एस्टी गेली आणि प्रमिलाचा उजवा हात खाली सरळ झाला.

"टण्," ती म्हणाली.

बायका लगेच उठल्या नाहीत. इतक्या वर्षांची सवय. मग टोकाला बसलेल्या एका म्हातारीने गुडघ्यावर हात टेकला, उठली आणि पदर झटकला. मागोमाग सगळ्या उठल्या. त्या दिवशी त्या उजेडात घरी गेल्या.

पोकळ्यांची पहिली तक्रार आठवड्याने आली. 'घड्याळ पुढे जाते.' मी जाऊन माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं, रेडिओशीही पाहिलं. एका मिनिटाचा फरक नव्हता.

"बरोबर आहे की," मी म्हणालो.

"बरोबर आसा, पण आमच्यासारखा नाय. आमचा घड्याळ असा नव्हता."

"कसं होतं?"

पोकळ्यांनी जरा विचार केला. "समजूतदार होता."

"म्हणजे काय ते लेखी द्या," मी म्हणालो.

मला वाटलं, इथे तो गप्प बसेल. चोरी केली हे चोर स्वतःच्या अक्षरात लिहून देत नाही, असा माझा भाबडा समज होता. चार दिवसांनी पोकळ्यांचा अर्ज आला, कारखान्याच्या शिक्क्यासकट. मूळ घड्याळ चारनंतर हळू चालून साडेपाच वाजायला चाळीस मिनिटं जास्त घेत असे. ही पद्धत वडिलांच्या वेळेपासून अखंड चालू आहे. बदली घड्याळ ती मोडत आहे. खाली टपोरी सही. मला राग आला. असा राग मला सहसा कार्यालयाच्या वेळेत येत नाही.

तो अर्ज मी स्वतः आमच्या कक्षाधिकारी म्हापणकर बाईंच्या टेबलावर ठेवला. म्हणालो, "बाई, माणसाने कबूलच केलं आहे."

बाईंनी तो दोनदा वाचला. "तेंडोलकर, घड्याळ खरं की खोटं हा विषय आपल्या कक्षाकडे नाही. वस्तू जे करत होती ते बदलीने केलं पाहिजे. दोडक्याच्या कुंपणाचं काय केलं होतं आपण? काटेरी होतं म्हणून बाईला काटे बांधले होते."

"ते कुंपण होतं. ही चाळीस बायकांची चाळीस मिनिटं आहेत, रोजची."

"त्याची तक्रार त्या बायकांनी करावी. कक्ष दुसरा आहे. तिसऱ्या मजल्यावर. सध्या रिकामा आहे."

निकाल लागला. दोन आठवड्यांच्या दोन चुका शाबीत. प्रमिलाने उद्यापासून चारनंतर मूळ घड्याळाप्रमाणे हळू चालावं. आणखी एक चूक झाली तर दुर्वा आरोंदेकर, वय नऊ, हिला फळीवर चढवावं.

हुकूम घेऊन मी त्याच दिवशी कारखान्यात गेलो तेव्हा पाच वाजायला आले होते. पोकळे हिशेबाच्या खोलीत पान लावत होते. हुकूम ऐकून त्यांनी मला एक विडा दिला. मी तो खिशात ठेवला. मग फळीखाली उभं राहून प्रमिलाला हुकूम वाचून दाखवला. दुर्वा दाराशी दप्तर घेऊन उभी होती. तिनेही ऐकलं.

"आये, मी चढान वर," ती म्हणाली. "माका जमतला."

"तू गप बस," प्रमिला म्हणाली. ती कारखान्यातल्या कोणाला घाबरत नव्हती, पण त्या फळीवर मुलीला बघायची तिची तयारी नव्हती. तिने हात हलवले नाहीत; पाच वाजून सात मिनिटं झाली होती. "हळू चाललंय तर मी खोटी. नाय चाललंय तर ही वर. असाच मा?"

"असंच," मी म्हणालो.

"तेंडोलकरानू, तुमी पयल्या दिवशी लिवलास ता परत वाचून दाखवा. घड्याळाचा."

मी पंचनामा काढला आणि वाचला. लंबकाचे. जुने. मालकाच्या सांगण्यानुसार यापूर्वी तीन वेळा बंद पडले. एकदा अकरा दिवस. त्या काळात घड्याळातलीच वेळ खरी धरण्यात आली.

ती मिनिटाचा हात सरकवत राहिली. पाच-पंधरा झाले, पाच-वीस झाले. बायका सोलत होत्या, पण सुऱ्यांचा आवाज कमी झाला होता.

"बंद पडणा ही चूक धरतत?" तिने विचारलं.

नियमावली माझ्या पिशवीत असतेच. 'वस्तूच्या अंगची सवय बदलीकडून घडल्यास ती चूक समजू नये.' मी ते वाचलं. जरा मोठ्याने वाचलं, हे मी नाकारत नाही.

"आणि हुकूम कधीपासून?"

"उद्यापासून."

"म्हणजे आज मी बरोबरच आसंय."

"आज तू अगदी बरोबर आहेस," मी म्हणालो.

बाहेर एस्टी वळणावर आली, हॉर्न वाजला, गाडी गेली. प्रमिलाचा उजवा हात खाली सरळ झाला. "टण्," ती म्हणाली. बायका उठल्या. सगळ्या बाहेर पडल्यावर तीही फळीवरून उतरली, कारण कारखाना बंद झाल्यावर बदलीने घरी जायचं असतं. पण उतरताना तिचे हात होते तसेच राहिले. दुर्वाने तिच्या पायांत चपला सरकवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ती वर चढली. हात साडेपाचवर. बायका आल्या, बसल्या, सवयीने वर पाहिलं. टोकाच्या म्हातारीने नियम क्रमांक दोन बोट लावून एकेक अक्षर वाचला. मग तिने हजेरीपुस्तकात साडेपाचपर्यंत थांबल्याची सही केली, जी खरी होती, आणि घरी गेली. बाकीच्याही सह्या करून गेल्या. आठ वाजून बारा मिनिटांनी कारखाना सुटला.

पोकळ्यांची तक्रार दहा वाजता आली. या वेळी म्हापणकर बाई स्वतः पाहणीला आल्या. पाहणीसाठी प्रमिलाला घरून परत फळीवर बोलावलं, सोबत शाळा बुडवून दुर्वाही आली.

"घड्याळ बंद पडला," पोकळे म्हणाले.

"तीनदा पडलं होतं," मी म्हणालो. "आता चौथ्यांदा."

"किल्ली दिलीत का?" बाईंनी विचारलं.

पोकळ्यांनी आदल्या रात्रीचा भात मागवला. मग बाईंच्या नजरेकडे बघून ताजा करायला सांगितला, वर माशाची कढीही घातली. दुर्वाने आईला भरवलं. प्रमिला पोटभर जेवली. हात साडेपाचवरच राहिले. पोकळ्यांनी फळीला दोन-तीन टिचक्या मारल्या, जुन्या घड्याळाला मारत तशा. काही झालं नाही. पंचनामा, पोकळ्यांचा अर्ज आणि नियमावली बाईंनी समोरासमोर ठेवून वाचली. दोन्हीकडे पोकळ्यांचेच शब्द होते, एकीकडे शिक्कासुद्धा होता.

"चूक शाबीत होत नाही," बाई म्हणाल्या. "सवय आहे."

"मग नियम बदलतंय मी. भिंत रंगवून टाकतंय."

"परवान्यातला नियम आहे. नोटीस लावल्यापासून कामाचे तीस दिवस भरले की बदलेल."

पोकळ्यांनी रिकाम्या कारखान्याकडे पाहिलं. कामाचा एक तासही आता भरण्यासारखा नव्हता. शेवटी ते मोडकं घड्याळ गोणत्यात घालून सावंतवाडीला गेले. घड्याळजी म्हणाला, दुरुस्त होईल, पण शिसं परत बसवणार नाही. चालवायचं तर बरोबर चालवेन. पोकळे ते घड्याळ तसंच परत घेऊन आले. करतील काय? बापजाद्यांची पद्धत होती.

शेवटची भेट मागच्या सोमवारी झाली. मी गेलो तेव्हा पोकळे फळीखाली दुर्वासमोर उकिडवे बसले होते. त्यांच्या हातात काजूचा पुडा होता, चांगल्या प्रतीचा, अख्ख्या गरांचा.

"बाय," ते म्हणाले, "एकदा 'चुकलं' म्हण. कोणी ऐकाक नाय इथे, ह्ये फक्त लेखनिक आसत. तू म्हटलंस की मी तक्रार मागे घेतंय. आई खाली येतली, घराक येतली."

दुर्वाने पुडा घेतला नाही. तिने आधी आईच्या हातांकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"आई घराकच आसता," ती म्हणाली.

पोकळे उठले. गुडघे धरूनच उठले, कारण बराच वेळ बसले होते. पुडा हिशेबाच्या खोलीत घेऊन गेले.

दुर्वाने दप्तर पाठीला लावलं. तिची शाळा साडेदहाची होती, अजून सव्वादोन तास होते.

"आये, वाजले किती?"

"साडेपाच," प्रमिला वरून म्हणाली.

"मगे चल."

ती उतरली. दोघी फाटकातून बाहेर पडल्या, आई हात साडेपाचवर धरून आणि मुलगी तिची पिशवी घेऊन. वाटेत त्या बोरीखाली थांबल्या. बोरं काढायला हात लागतात, म्हणून मुलगी वर चढली आणि आईने ओटी पुढे केली.

मी पोकळ्यांच्या टेबलाशी बसून फाईल पुरी केली. 'प्रकरण चालू' असं लिहिलं. वेळेच्या रकान्यात, नियम क्रमांक एकप्रमाणे, साडेपाच लिहिलं. मग पेनाला टोपण लावलं आणि घरी गेलो.